छत्तीसचा आकडा

१७ फेब्रुवारी २०१४ रोजी आदिस अबाबाहून रोमला निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान त्याच्या सहवैमानिकानेच पळवलं. मुख्य वैमानिक प्रसाधनगृहात गेला तेवढ्यात त्याने कॉकपिटचं दार आतून लावून घेतलं आणि विमान थेट जिनिव्हाला नेलं. वाटेत आधी इटलीच्या आणि मग फ्रान्सच्या लढाऊ विमानांनी त्याचा पाठलाग केला. पहाटे सहाच्या सुमारास ते स्वित्झर्लंडमध्ये उतरलं, पण स्वित्झर्लंडचं एकही लढाऊ विमान जागचं हललं नव्हतं. त्या देशाचं हवाई दल तेव्हा कार्यालयीन वेळेतच सज्ज असे. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवणाची सुट्टी.

जगाने पोट धरून हसून घेतलं. पण लहान हवाई दलाची खरी अडचण या प्रसंगात दिसते. देशाकडे विमानं होती आणि उत्तम वैमानिकही होते. चोवीस तास दोन सशस्त्र विमानं पंधरा मिनिटांत उडवायची तर पाळीपाळीने वैमानिक, तंत्रज्ञ, नियंत्रक आणि रडारवर डोळे लावून बसणारी माणसं लागतात. तेवढी माणसं नव्हती आणि त्यांच्या पगाराची तरतूदही नव्हती. ती व्यवस्था उभी राहायला २०२० साल संपावं लागलं.

लढाऊ विमानांची तुलना म्हटली की आपल्याकडे वेग, क्षेपणास्त्रांची संख्या, किती उंचीवर जातं, असे तक्ते समोर येतात. मोठ्या हवाई दलांच्या बाबतीत त्यांना थोडाफार अर्थ असेलही. स्वित्झर्लंडचं क्षेत्रफळ ४१ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात असे सात देश बसून वर जागा उरेल. पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत जेमतेम ३५० किलोमीटर. ध्वनीच्या वेगाने जाणारं विमान वीस मिनिटांत देशाबाहेर पडतं. अशा ठिकाणी ध्वनीच्या दुपटीने उडणारं विमान घेतलं काय आणि दीडपटीने उडणारं घेतलं काय! विमान किती लवकर हवेत जाईल, आकाशात नेमकं काय चाललं आहे हे वैमानिकाला किती आधी कळेल, आणि पुढची तीस वर्षं ते उडतं ठेवायला किती पैसे लागतील, हेच तिथले कळीचे प्रश्न.

हे प्रश्न स्विस लोकांनी जितक्या चिकाटीने विचारले तितके क्वचितच कोणी विचारले असतील. एक तर तिथे असा खर्च थेट जनमतालाच जाऊ शकतो. त्या अपहरणानंतर तीनच महिन्यांनी, १८ मे २०१४ रोजी, स्वीडनची २२ ग्रिपेन विमानं घेण्याचा ३.१ अब्ज फ्रँकचा प्रस्ताव ५३.४ टक्के मतदारांनी फेटाळला. ग्रिपेन स्वस्त होतं म्हणूनच सरकारने ते निवडलं होतं. मात्र हवाई दलाच्या चाचणीत ते कमी पडल्याचे अहवाल आधीच फुटले होते. त्याच चाचणीत फ्रान्सचं राफेल सरस ठरलं होतं, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. स्वस्त आणि कमअस्सल विमान नको, असं काहींनी ठरवलं; विमानच नको, असं इतरांनी. दोघांची मतं एकाच पेटीत पडली.

विमानच नको ही भूमिका वेडगळ नाही, हेही सांगायला हवं. न्यूझीलंडने २००१ मध्ये आपली लढाऊ विमानांची तुकडी चक्क मोडीत काढली. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांच्या आकाशावर २००४ पासून नाटोची सहकारी राष्ट्रं आळीपाळीने पहारा देतात. पण न्यूझीलंडभोवती समुद्र आहे आणि बाल्टिक देशांमागे नाटो. स्वित्झर्लंड तटस्थ. त्याच्या आकाशाची राखण दुसऱ्याने करायची तर तटस्थतेला काय उरलं?

म्हणून दुसऱ्या फेरीत सरकारने शहाणपणा केला. विमान कुठलं हे न सांगता जास्तीत जास्त सहा अब्ज फ्रँक, म्हणजे २०२५ च्या भावाने साधारण साठ-पासष्ट हजार कोटी रुपये, एवढ्या खर्चाची मर्यादा तेवढी मतदारांपुढे ठेवली. २७ सप्टेंबर २०२० रोजी ती मंजूर झाली. ५०.१ टक्के. देशभरात मिळून नऊ हजारांहूनही कमी मतांचं अंतर.

परीक्षा त्याआधीच सुरू झाली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात पायेर्न इथल्या हवाई तळावर उमेदवार एकामागून एक उतरले. युरोफायटर टायफून, बोइंगचं सुपर हॉर्नेट, राफेल आणि लॉकहीड मार्टिनचं एफ-३५ए. ग्रिपेनची नवी आवृत्ती अजून पुरती तयार नसल्याने तिला चाचणीला येऊ नका असं सुचवण्यात आलं आणि ती बाहेर पडली.

चारही विमानांचे स्वभाव वेगळे. टायफून चार देशांनी मिळून घडवलेलं, दोन इंजिनांचं, सरळ वर चढण्यात पटाईत. आकाशात कोणी घुसला की त्याला गाठायचं, हेच त्याचं जन्मजात काम. सुपर हॉर्नेट हे स्विस हवाई दलाकडे १९९० च्या दशकापासून असलेल्या हॉर्नेटचं थोरलं भावंड. त्यामुळे तंत्रज्ञांना ओळखीचं, पण अमेरिकी नौदलाच्या मागण्या संपत आल्या आणि बोइंगने २०२३ मध्ये त्याचं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. ज्या विमानाचा कारखानाच बंद होणार, त्याचे सुटे भाग २०५० साली कोण देणार? राफेल सगळी कामं एकाच उड्डाणात करू शकणारं आणि जवळजवळ पूर्णपणे फ्रेंच.

एफ-३५ या सगळ्यांत हळू. त्याचा कमाल वेग ध्वनीच्या १.६ पट. इंजिन एकच. हवाई कसरतींत ते टाळ्या मिळवत नाही. तरीही परिणामकारकतेच्या निकषावर तेच पहिलं आलं. रडारवर ते सहजी उमटत नाही, हे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. जुन्या विमानांत वैमानिक रडारचा पडदा वेगळा बघतो, उष्णतेचा वेध घेणाऱ्या यंत्राचा वेगळा, धोक्याचा इशारा वेगळा ऐकतो आणि या साऱ्याची जुळणी डोक्यात करतो. एफ-३५ ही जुळणी स्वतः करतं आणि वैमानिकापुढे एकच चित्र ठेवतं. त्यामुळे चालवण्याच्या सरावाला कमी तास लागतात. दोन आसनांची आवृत्तीच नाही. बरंचसं शिक्षण सिम्युलेटरमध्ये. स्विस हिशेब असा की बाकीच्यांच्या तुलनेत उड्डाणाचे तास २० टक्क्यांनी कमी पडतील आणि तळांवरची उड्डाणं-उतरणं आजच्या निम्म्यावर येतील. पायेर्न किंवा मायरिंगेनच्या आसपास राहणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट, कारण एफ-३५ चं एकेक उड्डाण जुन्या हॉर्नेटपेक्षा कानठळ्या बसवणारं आहे.

गुणदानाचं प्रमाण असं होतं: परिणामकारकता ५५ टक्के, देखभाल आणि पुरवठा २५, विक्रेत्या देशाशी सहकार्य १०, आणि स्विस उद्योगांना मिळणारी थेट कामं १०. एफ-३५ ला ३३६ गुण पडले. त्याच्या सर्वांत जवळचा उमेदवार ९५ गुणांनी मागे होता. चारपैकी तीन निकषांत ते पहिलं. खरेदीचा भाव ५.०६८ अब्ज फ्रँक, आणि तीस वर्षांचा चालवण्याचा खर्च धरून १५.५ अब्ज. हा आकडाही इतरांहून सुमारे दोन अब्जांनी कमी. ३० जून २०२१ रोजी सरकारने ३६ विमानांची निवड जाहीर केली, सप्टेंबर २०२२ मध्ये करार झाला. आपण २०१६ मध्ये फ्रान्सकडून घेतलेली राफेलही ३६ च होती. तो आकडा १२६ वरून तिथवर कसा आला यावर आपल्याकडे कडाक्याचं भांडण झालं, पण मत द्यायला कोणी बोलावलं नाही.

ज्याचा पाच वर्षांनीही हेवा वाटावा असा निवाडा. पण तो भावापाशी अडखळला.

अमेरिकी सरकारकडून विमान घेताना ग्राहकाचा व्यवहार कारखान्याशी होत नसतो. अमेरिकी सरकार स्वतःसाठी आणि तुमच्यासाठी एकत्रच माल मागवतं, आणि कारखान्याशी घासाघीस करून जो भाव ठरेल तो तुम्हालाही लागू होतो. स्वस्त पडण्याचं कारण हेच: अमेरिकेच्या शेकडो विमानांबरोबर तुमची छत्तीस. जोखीमही तीच. स्विस सरकार म्हणत होतं की आपला भाव पक्का ठरलेला आहे. त्याच देशाच्या लेखापरीक्षकांनी २०२२ च्या जुलैमध्येच लिहून ठेवलं होतं की स्विस कायद्याच्या अर्थाने पक्क्या भावाची कायदेशीर खात्री इथे दिसत नाही. संरक्षण खात्याने ते खोडून काढलं आणि सही केली.

जून २०२५ मध्ये सरकारने स्वतःच जाहीर केलं: अमेरिकेच्या मते पक्का भाव हा गैरसमज होता. महागाई, कच्चा माल आणि ऊर्जेचे वाढलेले दर धरून ६५ कोटी ते १३० कोटी डॉलर जादा लागतील. काही आठवड्यांतच अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के आयातशुल्क लावलं, आणि तेही स्विस राष्ट्रीय दिनाच्या तोंडावर. नोव्हेंबरमध्ये ते १५ टक्क्यांवर आणण्याचं ठरलं. आणि सहकार्याच्या निकषातही पहिला क्रमांक एफ-३५ चाच होता! मूल्यमापन करणाऱ्यांना दोष देता येत नाही. त्यांनी हवाई दलांमधलं सहकार्य मोजलं होतं: प्रशिक्षण, माहितीची देवाणघेवाण. विक्रेत्या देशाचा राष्ट्राध्यक्ष उद्या कसा वागेल याला किती टक्के द्यायचे, हे कोणालाच ठरवता आलं नसतं.

स्विस राजकारणात याला जुना संदर्भ आहे. १९६१ मध्ये तिथल्या संसदेने १०० मिराज-३ विमानांसाठी ८७ कोटी फ्रँक मंजूर केले. फ्रेंच विमान तसंच न घेता त्यात अमेरिकी रडार आणि अमेरिकी क्षेपणास्त्रं बसवायचा आग्रह धरला गेला आणि खर्च इतका फुगला की १९६४ मध्ये सरकार आणखी ५७ कोटी मागायला आलं. संसदेने चौकशी समिती नेमली. शेवटी १०० ऐवजी ५७ विमानं आली आणि हवाई दलप्रमुखांना जावं लागलं. तेव्हा आपल्या हट्टापायी विमानं कमी झाली, या वेळी दुसऱ्याच्या बिलापायी. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने ठरवलं की मतदारांनी मंजूर केलेल्या सहा अब्जांत जितकी बसतील तितकीच घ्यायची. म्हणजे छत्तीस नाहीत, तीसच्या आसपास.

मग दुसरं विमान घेतलं असतं तर? टायफून घेतलं असतं तर चार सरकारांशी एकाच वेळी जमवून घ्यावं लागलं असतं. ऑस्ट्रियाने १८ मागवून १५ वर समाधान मानलं आणि पुढे निर्मात्यावर खटला भरला. स्वीडिश ग्रिपेन स्वतंत्र वाटतं खरं, पण त्याच्या पोटात जनरल इलेक्ट्रिकचं इंजिन आहे, त्यामुळे ते कोणाला विकायचं यावर अमेरिकेचं बोट राहतंच. हे आपल्याला नाशिककरांनी समजावून सांगावं. ओझरच्या कारखान्यातून तेजस मार्क-१ए चं पहिलं उड्डाण ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, आणि त्याआधीची रखडपट्टी बरीचशी त्याच कंपनीच्या इंजिनांची वाट पाहण्यात गेली. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं २०२५ च्या मार्चमध्ये हाती पडलं.

त्या अर्थाने राफेल हा बरा पर्याय होता असं मला वाटतं: एकच देश, एकच कारखाना, इंजिनापासून क्षेपणास्त्रापर्यंत बहुतेक सगळं त्यांचंच. क्रोएशियासारख्या छोट्या देशाने २०२१ मध्ये फ्रेंच हवाई दलाची वापरलेली १२ राफेल सुमारे एक अब्ज युरोंत घेतली आणि आपली जुनी मिग निवृत्त केली. पण स्विस हिशेबात तीस वर्षांच्या खर्चाला उत्तर द्यावं लागतं, आणि एका देशावरचं अवलंबित्व दुसऱ्या देशावर टाकल्याने ते नाहीसं होत नाही. पॅरिसही कायम समंजस राहील याची हमी कोण देणार?

छत्तीस हा आकडा हवेतून आला नव्हता, हे इथे आठवलं पाहिजे. तणावाच्या काळात सलग चार आठवडे किमान चार विमानं सतत आकाशात ठेवायची, या गरजेवरून तो काढला होता. एकूण ताफ्यातली काही विमानं कायम दुरुस्तीत असतात, काही सरावात. चार हवेत ठेवायला जमिनीवर कित्येक पट लागतात. २०१७ च्या तज्ज्ञ अहवालात सर्वांत मोठा पर्याय ५५ ते ७० विमानांचा होता आणि तो पैशाअभावी तेव्हाच बाजूला पडला. आता सहा विमानं कमी झाली तर चार आठवड्यांचे तीन करायचे, की चार विमानांची तीन, हे कोणीतरी बसून पुन्हा मोजणार आहे. जुन्या हॉर्नेटचं आयुष्य पाच हजार तासांवरून सहा हजारांवर आधीच ताणलेलं आहे, आणि ते २०३० च्या आसपास संपतं.