आडवं वारं

"आडवं वारं सुटलंय, दमानं जा," मामा म्हणाले. मी मान डोलावली आणि किक मारली. वळसंग ते सोलापूर म्हणजे वीसेक किलोमीटर, त्यात आता रस्ता चौपदरी. वाऱ्याला काय घाबरायचं?

मागच्या जुलैतली गोष्ट. मागे माझा रूम-पार्टनर बसला होता आणि त्याच्या हातात माझा जुना ड्रॉइंग बोर्ड होता, फर्स्ट इयरच्या एका पोराला द्यायला घेतलेला. कुंभारीच्या अलीकडे एका भरलेल्या ट्रकला ओव्हरटेक करायला निघालो. ट्रकच्या शेजारी असताना सगळं एकदम शांत झालं. ट्रकचं तोंड मागे पडलं मात्र, आणि कोणीतरी डाव्या खांद्याला जोरात धक्का द्यावा तशी गाडी उजवीकडे गेली, सरळ डिव्हायडरकडे! हातभर अंतर राहिलं तेव्हा कुठे सावरली. पार्टनरच्या हातातून बोर्ड उडाला, रस्त्यावर पडला आणि मागून येणाऱ्या त्याच ट्रकच्या चाकाखाली गेला. तो आवाज अजून कानात आहे. आम्ही कडेला थांबलो. पाच मिनिटं दोघंही एक शब्द बोललो नाही.

गंमत अशी, की फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवलेला! पण मी पडलो कॉन्व्हेंटचा. 'क्रॉसविंड' हा शब्द पुस्तकात वाचलेला, आणि मामा सांगत होते ते 'आडवं वारं' म्हणजे तेच, हे डोक्यात शिरलंच नाही. नंतर हॉस्टेलवर कागद-पेन घेऊन बसलो आणि जे कळलं ते इथे मांडतोय.

आधी समोरचं वारं बघू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. शंभर सीसीच्या गाडीवर ताठ बसलेल्या माणसाला ताशी ६० किलोमीटर वेगाला साधारण ९ किलो वजनाइतक्या जोराने हवा मागे ढकलते. समोरून ताशी ३० चं वारं असेल, तर हवेच्या दृष्टीने तुम्ही ९० ने चालला आहात. तोच जोर २० किलोच्या आसपास जातो, म्हणजे सव्वादोन पट! इंजिनालाही तेवढंच जास्त राबावं लागतं.

आता आपला रस्ता बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे सोलापूरला पाऊस कमी, वारंच जास्त. अक्कलकोट आहे सोलापूरच्या पूर्व-आग्नेयेला. म्हणून स्वामींच्या दर्शनाला जाताना वारा उजव्या अंगाने मागून येतो. गाडी कशी पळते म्हणून आपण खूश. परतताना तोच वारा डावीकडून समोर येतो, आणि आपण मेकॅनिकच्या नावाने खडे फोडतो.

पण समोरचं वारं फार तर पेट्रोल खातं. पाडतं ते आडवं वारं. त्यातही एक गोष्ट नीट समजून घ्या. एकसारखं वाहणारं वारं फारसं वाईट नसतं. डावीकडून वारा असला की गाडी आपोआप दोन-तीन अंश डावीकडे झुकवून आपण चालवतो, ते लक्षातही येत नाही. घात होतो तो वारा अचानक बदलला की.

आमचं नेमकं हेच झालं. मी वाऱ्यावर रेललेला होतो. ट्रकच्या आडोशाला गेल्यावर वारा थांबला, गाडी डावीकडे ट्रककडे ओढली जायला लागली. मी घाबरून तिला उजवीकडे घेतलं. तेवढ्यात ट्रकचा आडोसा संपला. डावीकडून वारा पुन्हा आदळला. शिवाय चालत्या ट्रकचं नाक हवेला दोन्ही बाजूंना लोटत असतं, तो धक्काही उजवीकडेच. माझं हँडल, वारा आणि ट्रक, तिघांनी मिळून एकाच दिशेला ढकललं. त्यात तो बोर्ड म्हणजे आम्ही गाडीला लावलेलं शिडच! ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. विचार करायला वेळ कुठे असतो?

मग करायचं काय?

१) वेग कमी करा. तोच आडवा झोत ६० पेक्षा ८० ला साधारण सव्वापट जोराने ढकलतो. त्या दिवशी ४५-५० ने आलो असतो तर ट्रकच्या मागेच राहिलो असतो, आणि पाचच मिनिटं उशिरा पोचलो असतो.

२) हात सैल, गुडघे घट्ट. घाबरलो की आपण हँडल आवळतो. मग वारा आपल्या खांद्याला जो धक्का देतो, तो सरळ हँडलमध्ये उतरतो. टाकी गुडघ्यांनी धरा, कोपर थोडे वाकवा, अंग जरा खाली घ्या. छोटे धक्के गाडी स्वतःच सावरते.

३) वारा डावीकडून असेल तर डावी मूठ अलगद पुढे दाबा. हो, पुढे! गाडी डावीकडे, म्हणजे वाऱ्यावर झुकते. विश्वास बसत नसेल तर ऐका. विमानवाल्या राईट बंधूंचं आधी सायकलचं दुकान होतं. डावीकडे वळायला सायकलवाला आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो, हे विल्बर राईट यांच्या लक्षात आलं होतं. आपणही रोज तेच करतो, फक्त कळत नाही.

४) ट्रक किंवा बसला ओव्हरटेक करताना बाजूला भरपूर जागा सोडा आणि तोंड पार करताना धक्का येणार हे आधीच मनात धरा. पूल, मोकळं माळरान, घरांची रांग संपते ती जागा, इथेही तेच. कुंभारी सोडून वळसंगकडे निघालात की हे जाणवेल.

५) गाडीवर शिड लावू नका. बोर्ड, गादी, फडफडणारी ओढणी, उघडं जर्किन, सैल बॅग, काही नको. हेल्मेटचा पट्टा लावा, काच खाली.

६) वारा किती आहे हे झाडांना विचारा. इंग्रज आरमारातल्या ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वारा मोजायची जी पट्टी बनवली, तिच्यात आज मोठ्या फांद्या हलणं आणि तारांची शिट्टी वाजणं म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वारा. अशा वेळी चहाची टपरी गाठलेली बरी.

७) एप्रिल-मेमधल्या वळवाला मान द्या. ढगातली पावसाने गार झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. म्हणून थेंब पडायच्या आधीच धुळीचा लोट येतो आणि वाऱ्याची दिशा क्षणात फिरते. लोट दिसला की थांबा. पण झाडाखाली नाही, होर्डिंगखालीही नाही. पक्क्या इमारतीत जा.

फर्स्ट इयरच्या त्या पोराला मी नवा बोर्ड घेऊन दिला. पार्टनर अजून माझ्या मागे बसतो, पण मुकाट्याने नाही. ट्रक दिसला की पाठीत बुक्का मारून म्हणतो, "अबे, दमानं!" परवा मामांना हे सगळं गणित समजावून सांगितलं, वर्ग-बिर्ग सकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्या दिवशी मी काय वेगळं सांगितलं होतं?"