आव्वाज कुणाचा
आव्वाज कुणाचा ही महाराष्ट्रातील आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांमध्ये विद्यार्थी प्रेक्षक देत असलेली सामूहिक आरोळी आहे. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेशी ती विशेषत्वाने निगडित आहे.

पार्श्वभूमी
महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम रामचंद्र ऊर्फ अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ १९६३ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात ती होते. स्पर्धक संघाचे सहाध्यायी मोठ्या संख्येने उपस्थित राहत असल्याने प्रेक्षागृहातही महाविद्यालयांची चुरस रंगते.

स्वरूप
एक जण ‘अरे, आव्वाज कुणाचा?’ असे विचारतो आणि इतर जण महाविद्यालयाच्या नावाला षष्ठीचा ‘चा’ हा प्रत्यय जोडून एकमुखाने उत्तर देतात. ‘आवाज’ या शब्दातील ‘व’ दुहेरी उच्चारल्याने पहिल्या अक्षरावर आघात येतो आणि आरोळीला ठेका मिळतो. तिला वाद्य, गणवेश किंवा नेमलेला नायक लागत नाही. प्रयोगापूर्वी आणि निकालाच्या वेळी ती घुमते; प्रयोग चालू असताना मात्र शांतता अपेक्षित असते, कारण नटाचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

चीअरलीडिंगशी तुलना
अमेरिकेत २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांच्या घोषणांचे नेतृत्व केले. ही चीअरलीडिंगची सुरुवात मानली जाते. प्रारंभी हे काम पुरुषांकडे होते. दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेल्यावर त्यात स्त्रियांचे प्रमाण वाढले. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी टेक्सासमध्ये प्रशिक्षण शिबिरे सुरू केली. पुढे कसरती, गणवेश आणि स्वतंत्र स्पर्धा यांमुळे चीअरलीडर प्रेक्षकांपासून वेगळे झाले. एकांकिका स्पर्धांतील आरोळी मात्र प्रेक्षकांकडेच राहिली. तेथे रसिकाची कसोटी ओरडण्याइतकीच वेळेवर थांबण्यातही असते.

इतर वापर
‘आवाज कुणाचा’ ही घोषणा शिवसेनेच्या सभांमध्येही दिली जाते. ‘चीअरलीडर’ हा शब्द महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला तो २००८ मध्ये, इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात. त्या वेळी चीअरलीडरांच्या पोशाखावरून राज्यात वादही झाला. त्या नर्तिका व्यावसायिक होत्या. महाविद्यालयीन आरोळी देणारे मात्र संघाचे वर्गमित्रच असतात.