जुनी जीप आणि तिची मूळ मापे

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या, आणि मोजक्या हत्यारांनी उघडता व पुन्हा जोडता येणारी साधी रचना हे या वाहनाचे वैशिष्ट्य पुढच्या पिढ्यांतही टिकून राहिले. भारतात महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतर उंच बॉनेटची सीजे-३बी, आणि कालांतराने प्यूजो बनावटीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन बसवलेली एमएम ५४० यांसारखी वाहने आली. कोकणातल्या वाड्यांत, घाटमाथ्यावरच्या गावांत आणि शेताच्या बांधांवर यांपैकी अनेक गाड्या आजही उभ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्या घरच्या अंगणात पुन्हा चालत्या करता येतात; मात्र त्यासाठी काय झिजले आहे, हे नेमके ओळखावे लागते.

वाहन जुने झाले असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात बहुतेक वेळा एकमेकांवर फिरणाऱ्या किंवा घासणाऱ्या दोन भागांमधले ठरलेले अंतर वाढलेले असते. या वाढलेल्या ढिलाईला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. बुश, बेअरिंग, क्रॉस, गिअर, टॅपेट अशा प्रत्येक ठिकाणी उत्पादकाने एक माप ठरवून दिलेले असते, आणि दुरुस्ती म्हणजे मुख्यतः ते माप गाडीला परत मिळवून देणे होय. ही दृष्टी ठेवली की कामाचा क्रमही आपोआप ठरतो: आधी सांगाडा, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, त्यानंतर चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारी यंत्रणा, पुढे इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग. हौशी माणूस पुष्कळदा हा क्रम उलटा करतो आणि चकचकीत पण धोकादायक गाडी रस्त्यावर आणतो.

सांगाडा म्हणजे चासी. स्प्रिंगच्या पाट्यांची टोके जिथे चासीला अडकवलेली असतात, तिथे चिखल साचून राहतो, पावसाळाभर ओलावा टिकतो आणि गंज आतून लोखंड खातो. वरचा रंग खरवडून हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी लोखंड खणखणीत वाजते, तर खाल्लेल्या जागी आवाज बद्द येतो किंवा पत्राच आत दबतो. अशी जागा जाड पट्टी बसवून वेल्डिंगने भरून काढणे हे अनुभवी कारागिराचेच काम आहे, आणि त्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवणे व इंधनाची टाकी गाडीतून काढून दूर ठेवणे अनिवार्य आहे; सीजे प्रकारच्या अनेक जीपमध्ये ही टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, हे विशेष लक्षात ठेवावे. गाडीखाली शिरताना ती केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. चासीखाली भक्कम स्टँड लावूनच काम करावे.

ब्रेकमध्ये शत्रू असते ते पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मिसळलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. त्यामुळे लांब घाट उतरताना ऑइल उकळून नळीत वाफ होते आणि पेडल पायाखाली पोकळ लागते. शिवाय हाच ओलावा व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजवतो आणि तिथला रबरी कप फाडतो. म्हणून वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत चारही चाकांचे सिलिंडर उघडून पाहावेत, सगळे ऑइल बदलावे आणि शेवटी नळ्यांतली हवा काढावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकर मारून वा हवेच्या दाबाने न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढावी.

जुन्या जीपची सर्वांत घाबरवणारी तक्रार म्हणजे एखादा खड्डा लागताच पुढची चाके जोरजोरात डुलू लागणे. याचे मूळ अनेकदा किंगपिनमध्ये, म्हणजे ज्या खिळीभोवती पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते तिच्या बेअरिंगमध्ये सापडते. तपासणीची रीत सोपी आहे: चाक जमिनीपासून उचलावे, वरच्या व खालच्या कडेला धरून आतबाहेर हलवावे, आणि दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली, तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये असतो, कारण ब्रेकने ड्रम आणि त्यामागची स्थिर पाटी एकत्र जखडली जाते. हालचाल तशीच राहिली, तर किंगपिन ढिली झालेली असते. तिच्या टोपणाखाली शिम नावाच्या कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या असतात, आणि बेअरिंग शाबूत असल्यास त्यांतल्या एखाद-दोन काढल्या की ताण पुन्हा येतो. तो योग्य आहे की नाही, हे स्प्रिंगच्या काट्याने चाकाचा सांधा ओढून मोजतात. मिलिमीटरच्या अंशाइतक्या या चकत्यांवर संपूर्ण गाडीची स्थिरता अवलंबून असते.

ट्रान्सफर केस ही गिअरबॉक्सला जोडलेली पेटी शक्ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही ॲक्सलना वाटते, आणि तिच्यातल्या ‘लो’ गिअरमुळे चाकांचा वेग घटून जोर वाढतो. अनेक जुन्या जीपमधल्या डॅना १८ या पेटीत हे प्रमाण २.४६ पट असते. या रचनेत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक चिखलात चाके घसरून निघून जातो, पण कोरड्या डांबरावर तो गिअर आणि शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसवर ताण बनून साठतो. म्हणूनच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना शक्ती देणारी जोडणी, डांबरी रस्त्यावर लावू नये, आणि चारही टायर एकाच घेराचे असावेत, हा नियम आहे.

ओढे पार करणाऱ्या गाडीत ॲक्सलच्या ब्रीदरकडे, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या नळीकडे, आवर्जून पाहावे. ती चिखलाने बुजली असेल, तर गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि सीलवाटे पाणी आत ओढले जाते. तळाचा बोल्ट उघडल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर हेच घडले आहे असे समजून ते बदलावे.

इंजिनाच्या बाबतीत घाईने रिंग-पिस्टनवर खर्च करण्याआधी धूर वाचावा: निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी असल्याचे, तर कूलंट घटत असताना येणारा सततचा पांढरा धूर हेड गॅस्केटमधील गळतीचे लक्षण असतो. एमएम ५४० मधील एक्सडीपी ४.९० या इंजिनाचे नावच त्याचे माप सांगते: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. त्याची एकूण क्षमता २११२ घनसेंटिमीटर आहे. टॅपेटमधले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतले, अंतर फीलर गेज नावाच्या मोजपट्ट्यांनी घरी तपासता येते. नोझल आणि फ्युएल पंपाचे काम मात्र डिझेल पंपाच्या दुकानातच करावे, कारण नोझलमधून सुटणारी फवार कातडी भेदून आत जाऊ शकते. बोअर वाढवणे किंवा क्रँकशाफ्ट घासणे यालाही लेथ व यंत्रशाळाच लागते.

कायदाही मूळ मापांचाच आग्रह धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे तत्त्व ठामपणे मांडले. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते, त्यामुळे सुटे भाग विकत घेण्याआधीच नोंदणीपुस्तक, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक एकमेकांशी जुळवून पाहणे शहाणपणाचे ठरते.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट, हबचे नट आणि स्टिअरिंगचे सांधे पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे बुश आणि गॅस्केट दबून बसतात. या टप्प्यावर किती शिम काढल्या, टॅपेट किती ठेवले, कोणते ऑइल भरले, हे एका वहीत लिहून ठेवणारा माणूस गाडीचे आयुष्य खऱ्या अर्थाने वाढवतो, कारण पुढच्या दुरुस्तीला अंदाजाऐवजी मापांचा आधार मिळतो.