पर्ल हार्बरच्या आधीची दोन वर्षं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका कशी उतरली, हे आपल्याकडे एका वाक्यात सांगून होतं: जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि अमेरिका खवळून उठली. वाक्य खोटं नाही. पण खरी ओढाताण त्याआधीच्या दोन वर्षांत झाली, आणि ती या वाक्यात कुठेच नाही.

गैरसमज: १९४१पर्यंत अमेरिका जगाकडे पाठ फिरवून बसली होती.

राष्ट्रसंघात ती गेली नाही हे खरं. पण १९२१-२२ची नौदल परिषद वॉशिंग्टनमध्येच भरली, जर्मनीच्या युद्धभरपाईचा गुंता सोडवणारी १९२४ची डॉज योजना एका अमेरिकनाच्या नावावर आहे, निकाराग्वात १९३३पर्यंत आणि हैतीत १९३४पर्यंत अमेरिकेचं सैन्य ठाण मांडून होतं. फिलिपिन्स तर तिच्याच ताब्यात. तेव्हा अलिप्तता होती ती युरोपातल्या भांडणांपुरती. पहिल्या महायुद्धात लाखाहून जास्त अमेरिकी सैनिक गेले होते आणि हाती काय लागलं, हा प्रश्न घरोघरी होता. शस्त्रांचे व्यापारी आणि बँकवाले यांनी नफ्यापायी देशाला त्या युद्धात ओढलं, असा संशय सिनेटर जेराल्ड नाय यांच्या चौकशी समितीने पक्का केला. त्याच वातावरणात १९३५, १९३६ आणि १९३७चे तटस्थता कायदे झाले: लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज द्यायचं नाही. हल्ला करणारा आणि मार खाणारा, दोघांनाही एकच नियम. अध्यक्ष रूझवेल्ट यांना नेमकं हेच खटकत होतं.

गैरसमज: युद्धाला विरोध करणारे म्हणजे हिटलरचे छुपे चाहते.

काही तसे होतेही. विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांनी ११ सप्टेंबर १९४१ला डे मॉइन इथल्या भाषणात देशाला युद्धाकडे ढकलणाऱ्यांत ज्यूंचं नाव घेतलं, आणि त्यांच्या बाजूचेही अनेक जण हादरले. पण ते ज्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचे सर्वांत मोठे वक्ते होते, ती येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड त्या तरुणांत होते. समितीबाहेरही समाजवादी नेते नॉर्मन थॉमस होते, शांततावादी होते, मुलांना रणांगणावर पाठवायला तयार नसलेले साधे आईबाप होते. या सगळ्यांना एकाच तराजूत घालणं सोयीचं आहे, न्याय्य नाही.

गैरसमज: पर्ल हार्बरने एका रात्रीत धोरण उलटं केलं.

धोरण पायरीपायरीने बदलत होतं, आणि प्रत्येक पायरीवर भांडण होत होतं. नोव्हेंबर १९३९मध्ये तटस्थता कायद्यात पहिली फट पडली: शस्त्रं घ्या, पण पैसे रोख मोजा आणि माल आपल्याच जहाजांतून न्या. अटलांटिकवर ब्रिटिश नौदलाची पकड असल्याने याचा फायदा कोणाला होणार, हे सगळ्यांना कळत होतं. जून १९४०मध्ये फ्रान्स पडला आणि चित्र पालटलं. सप्टेंबरात रूझवेल्ट यांनी ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या, बदल्यात ब्रिटिश वसाहतींतले तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. त्याच महिन्यात शांततेच्या काळातली पहिली सक्तीची सैन्यभरती आली. ऑक्टोबरात मात्र हेच रूझवेल्ट निवडणूक प्रचारात, तुमची मुलं परक्यांच्या युद्धात जाणार नाहीत, असं मतदारांना सांगत होते.

निवडून आल्यावर मार्च १९४१मध्ये उसनवार-भाडेपट्टा कायदा आला. ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. आता रोखीची अटच गेली. युद्ध संपेपर्यंत या कायद्याखाली सुमारे ५,००० कोटी डॉलरची मदत गेली, त्यात सोव्हिएत संघाचाही मोठा वाटा होता. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आणि ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ भेटले, अटलांटिक सनद जाहीर झाली. लोकांनी आपलं सरकार आपण निवडावं, असं त्यात म्हटलं होतं. ते हिंदुस्थानला लागू नाही, हे चर्चिल यांनी महिनाभरातच पार्लमेंटात सांगून टाकलं.

पण देश एकमताने पुढे चालला होता असं समजू नका. त्याच ऑगस्टमध्ये सक्तीच्या भरतीची मुदत वाढवायचा ठराव प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२, म्हणजे एका मताने तरला. समुद्रावर मात्र गोळीबार सुरूच झाला होता. ३१ ऑक्टोबरला जर्मन पाणबुडीने ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका बुडवली, तिच्यावरचे शंभराच्या आसपास खलाशी गेले. तरीही युद्ध पुकारलं गेलं नाही.

गैरसमज: रूझवेल्ट यांना हल्ल्याची आधीच खबर होती.

जपानचे राजनैतिक संदेश अमेरिका वाचत होती, एवढं खरं. जुलैअखेरीस तिने जपानची मालमत्ता गोठवली, पाठोपाठ तेल तोडलं; त्यामुळे युद्ध जवळ आलंय हेही दिसत होतं. २७ नोव्हेंबरला पर्ल हार्बर ज्या हवाई बेटांवर आहे तिथल्या सेनानींनाही युद्धाचा इशारा गेला. पण घाव फिलिपिन्स किंवा मलाया भागात बसेल असा अंदाज होता. हल्ल्याच्या सकाळी हवाईतल्या रडारवर विमानं दिसलीसुद्धा. ती आपलीच असतील म्हणून सोडून दिली. यात कट शोधणाऱ्यांना ढिसाळपणा दिसत नाही.

गैरसमज: हल्ल्यानंतर अमेरिकेने लगेच हिटलरविरुद्ध युद्ध पुकारलं.

८ डिसेंबरचा ठराव फक्त जपानविरुद्ध होता. प्रतिनिधिगृहात तो ३८८ विरुद्ध एक मताने मंजूर झाला. ते एक मत जेनेट रँकिन यांचं. १९१७मध्येही त्यांनी युद्धाविरुद्धच मत दिलं होतं. जर्मनीचा जपानशी करार होता, पण तो जपानवर कोणी हल्ला केला तर मदतीला जाण्याचा. इथे हल्ला जपाननेच केला होता. म्हणजे हिटलरवर काही बंधन नव्हतं. तरी ११ डिसेंबरला त्याने आपणहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. अमेरिकी संसदेने जर्मनीविरुद्धचा ठराव त्यानंतर, त्याच दिवशी, एकही विरोधी मत न पडता मंजूर केला.