जीन एडिटिंग: ‘हो’ कोण म्हणालं?

आजचा भाग छोटा आहे, पण विषय डोक्यात राहील असा.

नोव्हेंबर २०१८. हे जियानकुई नावाचा चिनी शास्त्रज्ञ यूट्यूबवर सांगतो, ‘जुळ्या मुली जन्मल्यात. त्या भ्रूण असतानाच आम्ही त्यांचं जनुक बदललं.’ जगभर खळबळ उडाली.

हत्यार होतं क्रिस्पर. बॅक्टेरिया व्हायरसचा डीएनए कापून स्वतःला वाचवतात. ही कात्री आपल्याला हव्या त्या जागी नेता येते, हे २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी दाखवलं. २०२० मध्ये दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे यांना सीसीआर५ हे जनुक बंद करायचं होतं. एचआयव्ही बहुधा याच दारातून पेशीत शिरतो. ऐकायला भारी वाटतं ना? पण थांबा. एचआयव्ही वडिलांना होता, आईला नव्हता. अशा वेळी वीर्य धुऊन, संसर्ग टाळून मूल होऊ देता येतं. ही पद्धत आधीपासून होती. म्हणजे कात्रीची गरजच नव्हती! शिवाय मुलींमध्ये झालेले बदल ठरवल्यासारखे नेमके झालेच नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये हे यांना तीन वर्षांची कैद झाली.

आता दुसरी गोष्ट. अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया ग्रे यांना सिकलसेल होता. २०१९ मध्ये त्यांच्याच मूळपेशी काढल्या, क्रिस्परने बदलल्या आणि परत शरीरात सोडल्या. असह्य वेदनांचे झटके थांबले. याच उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

कात्री तीच, मग फरक कुठे? ग्रे यांनी धोका समजून घेतला आणि स्वतः ‘हो’ म्हटलं. त्यांच्यातला बदल त्यांच्यापुरताच राहणार. भ्रूणातला बदल मात्र पुढच्या पिढ्यांतही जाऊ शकतो, आणि त्या मुलींना कुणी विचारलंच नाही.

म्हणून मला विचाराल, तर आजारी माणसाच्या उपचाराला माझा पाठिंबा, भ्रूणाला हात लावायला आज तरी नाही.

पण एक टोचणी आहेच. अमेरिकेत या उपचाराची किंमत २०२३ मध्ये २२ लाख डॉलर ठरली होती. आपल्या विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेलचे कितीतरी रुग्ण आहेत. ‘हो’ म्हणायची त्यांची तयारी असेलही, पण परवडणार कुणाला?

यावर तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!