झिप फाइल उघडते ती शेवटाकडून

दोन जीबीची झिप फाइल, आत हजारो दस्तऐवज. डबल-क्लिक करताच सगळ्यांची नावं पडद्यावर हजर! एवढ्यात दोन जीबी वाचून झाले? मुळीच नाही. प्रोग्रामने वाचला तो फक्त फाइलचा शेवट.

झिपमधला मजकूर शोधायला प्रोग्राम आधी थेट तळाशी जातो आणि तिथून मागे सरकत चार बाइटांची एक खूण हुडकतो. तिची पहिली दोन अक्षरं इंग्रजी 'पी' आणि 'के', म्हणजे 1989 साली ही पद्धत आणणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. या खुणेपासूनची नोंद शेरा जोडलेला नसेल तर अवघी 22 बाइटांची. आत किती फाइली आहेत आणि त्यांची यादी कितव्या बाइटपासून सुरू होते, हे ती सांगते. यादीत प्रत्येक फाइलचं नाव, दाबण्याआधीचा व नंतरचा आकार आणि तिचा ठावठिकाणा. हवी ती फाइल निवडा, प्रोग्राम नेमकी तिथे उडी मारतो. बाकीच्या हजारो फाइलींना हातही लावत नाही!

यादी शेवटी ठेवण्यातली हुशारी मला फार आवडते. नवी फाइल घालायची तर आधीच्या फाइली हलवाव्या लागत नाहीत. ती त्यांच्यामागे जोडायची आणि यादी तेवढी नव्याने लिहायची. युनिक्सच्या टार-जीझिपमध्ये अशी यादीच नसते. तिथे शेवटची फाइल हवी असली तरी पहिल्यापासून सगळं उलगडत यावं लागतं.

उलगडण्याची तऱ्हाही विलक्षण आहे. एकदा येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की त्याच्या जागी फक्त सूचना असते: इतकं मागे जा, इतके बाइट उचल. ही कल्पना लेम्पेल आणि झिव्ह यांची, 1977 सालची. तिच्या जोडीला हफमन यांची 1952 ची युक्ती, वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देण्याची. शेवटी प्रोग्राम उलगडलेल्या मजकुराचा पडताळा-आकडा काढून यादीतल्या आकड्याशी ताडतो. एक बिट जरी बदललं असलं तरी चोरी पकडली जाते.

वर्डची आजची फाइल, ई-पुस्तकाची ईपब, अँड्रॉइड अ‍ॅपची एपीके, या सगळ्या मुळात झिपच आहेत. वर्डच्या एखाद्या फाइलची प्रत काढा, नावातल्या टिंबापुढची अक्षरं बदलून 'झिप' करा आणि उघडून बघा. तुमचा मजकूर 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सापडेल.