दोष दुधात नव्हता

माझी भाची तीन महिन्यांची होती तेव्हा तिच्या शीमध्ये रक्त दिसायला लागलं. बहीण बाळंतपणाला माहेरी, सांगलीलाच होती. "काय खाल्लंस गं? वांगं खाल्लंस का?" जो येईल त्याची पहिली चौकशी हीच. (त्यात मीही होते, कबूल करते.) बिचारीने दूध, दही, शेंगदाणे सगळं सोडलं. शेवटी अंगावरचंही बंद करून बाळाला डब्याचं दूध सुरू केलं. रक्त थांबेना. ताप, तोंडात फोड, शीच्या जागेजवळ गळवं. आव झाली, दुधाची अ‍ॅलर्जी झाली, सगळ्यांवर औषधं देऊन झाली; वजनाचा काटा मात्र हलेना. "हिच्या दुधातच दोष," आत्या एकदा बोलून गेली. आत्या म्हणजे तिची सासू. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, तसंच हे लग्न झालं होतं.

पुण्याला दुर्बिणीने आतडं तपासल्यावर नाव कळलं, आयबीडी. आतड्याला सतत दाह होऊन जखमा होण्याचा हा आजार एरवी मोठ्यांचा किंवा वयात येणाऱ्या मुलांचा. दोन वर्षांच्या आत झाला, तर डॉक्टर जीनमधला बिघाड शोधतात. बाळाचं रक्त तपासणीला गेलं आणि उत्तर आलं.

आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू सुखाने नांदत असतात. त्यांच्यावर शरीराने उगाच तुटून पडू नये म्हणून 'इंटरल्युकिन-१०' नावाचा निरोप जातो, 'शांत व्हा.' आमच्या बाळाच्या पेशींत तो निरोप घेणारंच कोणी नव्हतं. फोन वाजतोय, उचलायला माणूस नाही. हे कारण जगाला कळलं २००९ मध्ये, जर्मनीतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनातून. तीही नात्यात लग्नं झालेलीच घरं होती.

असे पन्नासहून अधिक जीन आता माहीत आहेत. विस्कॉन्सिनच्या एका मुलाला तर शंभराहून जास्त वेळा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं, तेव्हा कुठे त्याचा वेगळाच जीन सापडला; २०१० मध्ये नाळेच्या रक्तातल्या पेशी देऊन त्याच्यावर उपचार झाले. पण लहानग्यांपैकी बऱ्याच जणांत असा एकच एक जीन सापडतही नाही.

डॉक्टरांनी कागदावर आमची वंशावळ काढली. बिघडलेली एक प्रत असली तर काही होत नाही, आईची आणि बापाची अशा दोन्ही आल्या तरच आजार. दर गरोदरपणात चारात एक शक्यता. पेन आजी-आजोबांपासून खाली आलं, एक फाटा आमच्या बाबांकडे, दुसरा आत्याकडे. आत्या त्या कागदाकडे बघत राहिली. घरी येईपर्यंत बोलली नाही. रात्री बहिणीच्या ताटात स्वतः दही वाढलं.

या प्रकारात औषधांचा फारसा उपयोग होत नाही, अस्थिमज्जा बदलावी लागते. पाच वर्षांच्या भावाची जुळली. सख्ख्या भावंडाचीही जुळण्याची शक्यता चारात एकच. "तायडीला माझं रक्त देणार," असं तो वॉर्डभर सांगत होता. बहिणीने मात्र संमतीच्या कागदावर सही करायला दोन दिवस घेतले. जिवाला धोका असतो, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता भाची चार वर्षांची आहे, वरणभात खाते. गेल्या दिवाळीत आत्याच्या धाकट्या मुलासाठी माझ्या चुलत बहिणीचा विषय निघाला. "आधी दोघांचं रक्त तपासा," आत्याच म्हणाली, "पत्रिका नंतर."